टेबलटॉप आरपीजीची कोष्टकं: शीटमध्ये, व्हीटीटीत की वहीत?

रिकामा_हौद (धागाकर्ता)

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

दर शनिवारी रात्री आमच्याकडे कर्वेनगरला पाच जण जमतात. नियम डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिकाखेळ) पाचव्या आवृत्तीचे, जग मात्र आमचं. उत्तर पेशवाईतल्या पुण्यासारखं एक शहर आहे आणि त्याच्या पोटात कात्रजच्या नळासारखा एक नळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, नुसत्या उतारावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर उघडणारी तोंडं, ठेवलेले. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, याहून आयतं भुयार कुठे मिळणार?

माझ्याकडे एका स्प्रेडशीटमध्ये ४३ कोष्टकं झाली आहेत. रात्री रस्त्यात कोण भेटतं, हौदात काय सापडतं, कोतवालीतला शिपाई किती लाच मागतो, वगैरे. रँडबिटवीनने १ ते २० मधला आकडा काढायचा, इंडेक्सने त्या आकड्याची ओळ उचलायची. दीड वर्ष मजेत चाललं.

गेल्या शनिवारी मंडळी उच्छ्वासातून खाली उतरली. स्क्रीन टीव्हीवर लावलेला. निकाल आला: ‘पाणी चढतंय’. सगळे गंभीर. एक जण दोर मोजायला लागला, दुसरी मशाल विझू नये म्हणून काय करता येईल ते विचारत होती. तेवढ्यात तिसऱ्याने लॅपटॉपवर त्याच शीटच्या दुसऱ्या पानात आपले हिट पॉइंट (पात्राची उरलेली जीवशक्ती) १४ चे ९ केले, आणि टीव्हीवर ‘पाणी चढतंय’ जाऊन ‘म्हातारा नळवाला, हातात कंदील, गाणं गुणगुणतोय’ आलं. पुढचा अर्धा तास फक्त हसण्यात गेला.

तर प्रश्न असे. ही कोष्टकं ठेवायची कुठे? फासा टाकायचा कशात? आणि मराठीत लिहिली तर ही साधनं नीट चालतात का?

वीसमुखी

हा हा, नळवाल्याला माझा नमस्कार सांगा.

कारण सोपं आहे. रँड, रँडबिटवीन ही अस्थिर फंक्शनं. शीटमध्ये कुठेही काही बदललं की ती स्वतःला नव्याने मोजतात. मग तो बदल दुसऱ्या पानावरचा का असेना. तुमच्या मित्राने हिट पॉइंट बदलले नसते, नुसता एखादा रिकामा रकाना भरला असता, तरी हेच झालं असतं. तात्पुरता उपाय म्हणजे निकाल आला की तो रकाना कॉपी करून फक्त मूल्य म्हणून शेजारी चिकटवायचा. पण खेळाच्या मध्ये हे कोण करत बसणार.

माझं मत: शीट हे कोठार आहे, तिथे फासा टाकूच नये. कोष्टक शीटमध्ये लिहा, सुधारा, वाढवा. टाकायचं काम व्हीटीटीला (व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे कॉम्प्युटरवरचं खेळाचं टेबल) द्या. रोल२० मध्ये रोलेबल टेबल बनतं, प्रत्येक नोंदीला वजन देता येतं आणि चॅटमध्ये एका ओळीच्या आज्ञेने निकाल येतो. तो चॅटमध्ये राहतो, मागे जाऊन बघता येतो. फाउंड्री या दुसऱ्या व्हीटीटीत याच्याही पुढची सोय आहे. एका कोष्टकाची ओळ दुसऱ्या कोष्टकाकडे बोट दाखवू शकते, आणि ओळीच्या मजकुरात ‘[[१डी६]] शिपाई’ असं दुहेरी चौकोनी कंसांत लिहिलं (१डी६ म्हणजे एक सहामुखी फासा) तर आकडाही तिथेच पडतो.

तिरकी_सोंगटी

+१ वीसमुखी. फक्त फाउंड्रीबद्दल दोन गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही.

पहिली. ‘नॉर्मलाइझ’ नावाचं बटण आहे. ते सगळ्या ओळींच्या वजनांवरून मर्यादा नव्याने आखतं आणि सूत्र सरळ एका फाशाचं करून टाकतं. कोष्टक २डी६ चं (दोन सहामुखी फाशांच्या बेरजेचं) असेल तर ते दाबू नका. ७ येण्याची शक्यता ३६ त ६ आणि २ येण्याची ३६ त १, हा सगळा डोंगर सपाट होतो. मग नळातला अजगर, जो वर्षातून एकदा दिसायला हवा, तो दर आठवड्याला हजेरी लावतो.

दुसरी. मर्यादांमध्ये फट राहिली, म्हणजे ११ नंतर थेट १३ लिहिलं, तर १२ पडल्यावर ते ओरडत नाही, मुकाट पुन्हा टाकतं. उलट दोन ओळींच्या मर्यादा एकमेकींवर चढल्या तर दोन्ही निकाल एकदम देतं. हे दुसरं मी मुद्दाम वापरते. १८ ते २० वर ‘पाऊस’ अशी एक जादा ओळ चढवून ठेवली आहे. १९ आला की जे भेटायचं ते भेटतंच, वर पाऊसही येतो.

शून्यबाद

धागाकर्ते, तुमचा खरा आजार शीट नाही, ४३ हा आकडा आहे. त्यातली किती कोष्टकं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात ते बघा.

आमच्याकडेही शहर पेठांचंच होतं. (पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, म्हणजे ‘कुठली पेठ’ हे कोष्टक देवानेच १डी७ करून दिलंय. सातमुखी फासा दुकानात मिळो न मिळो, कॉम्प्युटरला फरक पडत नाही.) तर पेठांच्या यादीत मी ‘गुरुवार पेठ’ लिहिलं होतं. आमचा एक खेळाडू इतिहासाचा किडा, त्याने एन्काउंटरच्या कोष्टकात तिचं जुनं नाव टाकलं: ‘वेताळ पेठ’. दोघंही बरोबर! पण शीटला काय कळणार. व्हीलुकअप (नावावरून ओळ शोधणारं शीटचं फंक्शन) चार सेशन गुरुवार पेठेसाठी रिकामं परतत होता आणि आम्हाला वाटायचं, ही पेठ फारच शांत आहे बुवा.

तेव्हापासून नियम केला: नावाने जोडायचं नाही, खुणेने जोडायचं. प्रत्येक पेठेला एक खूणक्रमांक, पे०१, पे०२ असा. नाव, जुनं नाव, तिथला हौद, तिथला सावकार, हे सगळं त्या एकाच ओळीत. बाकी कोष्टकांत फक्त पे०४. सावकार मेला तर एका जागी बदलायचं.

आणि एका रकान्यात एकच गोष्ट. ‘३ शिपाई, रात्री, शनिवार पेठ’ असं एका रकान्यात कोंबलं की नंतर ‘फक्त रात्रीचे दाखव’ म्हणता येत नाही. संख्या, वेळ, पेठ, मजकूर, वजन हे वेगवेगळे रकाने. शेवटी एक ‘वापरलं’ नावाचा रकाना, त्यात कुठल्या सेशनला आलं ते. हा शेवटचा रकाना मला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

वहीवाली_मावशी

मी बाई जुन्या वळणाची. २०० पानी वही, पेन्सिल आणि डबीतले फासे. वीज गेली तरी चालतं.

पण धागा वाचून एक मुद्दा मांडावासा वाटतो, रागावू नका. तुमच्या या सगळ्या साधनांनी फासा टाकणं फुकट करून टाकलंय. मी वहीत कोष्टक उघडते, फासा शोधते, टाकते, बोट फिरवत ओळ वाचते. वीस सेकंद जातात. म्हणून टाकण्याआधीच मनात येतं, इथे खरंच गरज आहे का? दिवाणखान्यात एक फडताळ आहे, त्यात काय आहे ते मला ठाऊकच आहे की! सावकाराचं फडताळ, त्यात कर्जरोखे असणार. माझा भाचा मात्र बटण दाबतो आणि फडताळात निघते ‘मेलेली घोरपड’. मग अर्धा तास घोरपडीचं कोडं, आणि कर्जरोखे, ज्यावर सगळी गोष्ट उभी होती, ते राहिले बाजूला.

तिरकी_सोंगटी

मावशी, घोरपडीचं कोडं मला आवडलं असतं.

वहीवाली_मावशी

घोरपड तुम्हालाच लखलाभ.

वीसमुखी

मावशींचा मुद्दा पटला तरी वहीची एक अडचण आहेच: पुनरावृत्ती. २० ओळींच्या कोष्टकावर एका रात्रीत ४ वेळा टाकलं तर एखादी ओळ दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे २७ टक्के. ६ वेळा टाकलं तर ५६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तोच नळवाला तेच गाणं गुणगुणत परत भेटणार. वहीत मग खाडाखोड करावी लागते. फाउंड्रीत ‘परत टाकून काढणे’ची खूण काढली की आलेली ओळ पुसट होते आणि रीसेट करेपर्यंत परत येत नाही. पत्त्यांच्या जोडासारखं. जिथे एकदाच भेटणारी माणसं आहेत तिथे असं, आणि हवा-पाण्याच्या कोष्टकात नेहमीसारखं.

कवडीमोल

वाचतोय. गणिताचा विषय निघालाच आहे तर माझीही एक कवडी.

आपल्याकडे सारीपाटाला, मोक्षपटाला कवड्या टाकायचे. सहा कवड्या टाका आणि उताण्या किती ते मोजा. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असं धरलं तर (ती पडत नाही, पण धरू) एकूण ६४ प्रकार. त्यांत ३ उताण्या २० प्रकारांनी येतात, आणि ० किंवा ६ फक्त एकेका प्रकाराने. म्हणजे वजनदार कोष्टक आजीच्या डब्यात तयारच होतं, कुठल्याही ॲपने शोधून काढलेलं नाही.

मी हे खरंच वापरतो. ‘शहराचा मूड’ नावाचं ७ ओळींचं कोष्टक आहे. मधे ‘नेहमीसारखं’, त्याच्या आजूबाजूला ‘कुजबुज’ आणि ‘लगबग’, टोकांना ‘दंगल’ आणि ‘उत्सव’. परचान्स या यादीतून निकाल काढणाऱ्या वेबसाइटवर टाकायचं तर तिथे यादी साध्या मजकुरात लिहायची असते, आणि ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह देऊन वजन लिहिता येतं. १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी वजनं दिली की झाल्या कवड्या.

सपाट २० आणि डोंगराळ २डी६ यांत निवड कशी करायची हे कोणी विचारलं तर मी एवढंच विचारतो: यातली कुठली ओळ आली तर तुम्ही दचकाल? सगळ्याच सारख्या असतील तर सपाट. एखादीनेच दचकायचं असेल तर तिला टोकाला न्या.

रिकामा_हौद

वा! एवढे प्रतिसाद. कवडीमोल, हे आज रात्रीच करतो.

शून्यबाद, तुमचं पे०१ वाचून आधी कपाळाला हात लावला (खेळ आहे का तलाठी कार्यालय?), पण मग माझ्या शीटमध्ये शोधलं. ‘शनवार’, ‘शनिवार’, ‘शनिवार पेठ’, आणि एका जागी नुसतं ‘श.पे.’. मुकाट्याने खुणा द्यायला बसतो आहे.

एक नवीन भानगड. ‘पायऱ्या’ नावाचं कोष्टक आहे. त्यावरून लुकअप केलं की सापडत नाही म्हणतंय. डोळ्यांना दोन्हीकडे अगदी तेच दिसतंय. चष्म्याचा नंबर वाढला का?

अर्धा_रफार

चष्मा ठीक आहे, ऱ्य चा घोळ आहे. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. फोनवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल तर हे होतंच. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘चोऱ्या’, आरपीजीत लागणारे निम्मे शब्द यातच अडकतात. शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप करा. किंवा शून्यबाद म्हणतात तसं खुणेने जोडा, म्हणजे प्रश्नच मिटला.

मराठीबद्दल आणखी थोडं, कारण या विषयावर माझे बरेच केस गेले आहेत.

मजकूर देवनागरीत खुशाल लिहा. फाउंड्री, रोल२०, परचान्स सगळीकडे दिसतो. फाशाचं सूत्र आणि मर्यादांचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लागतात. जावास्क्रिप्टला देवनागरी १२ हा आकडा वाटत नाही. (पायथनला वाटतो! तिथे इंट ला ‘१२’ दिलं तर बारा मिळतात. माझ्या छोट्या पायथन स्क्रिप्टमध्ये म्हणूनच सगळं सुरळीत चालत होतं आणि तीच फाइल ब्राउझरमध्ये नेल्यावर पडली.)

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) करून ती एक्सेलमध्ये थेट उघडली की कधीकधी मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलला ती यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारी अक्षरं साठवायची पद्धत) आहे हे कळलेलं नसतं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडून साठवा. तशी विचित्र अक्षरं दिसत असताना ‘सेव्ह’ दाबू नका, एवढं लक्षात ठेवा. त्यानंतर ती फाइल खरोखरच बिघडते.

आणि मजकुरात स्वल्पविराम असेल तर ती ओळ अवतरणचिन्हांत जायला हवी, नाहीतर ‘म्हातारा नळवाला’ एका रकान्यात आणि ‘हातात कंदील’ दुसऱ्यात. शीटमधून काढलेली सीएसव्ही हे आपोआप करते, हाताने लिहिलेली करत नाही.

झटपट_झुंबर

एवढी डोकेफोड कशाला? एआयला सांगायचं, ‘पेशवाईतल्या रस्त्यावर भेटणाऱ्या १०० गोष्टी दे’. दोन मिनिटांत कोष्टक तयार.

वहीवाली_मावशी

दिले होते भाच्याने. शंभरातले तीस ‘गूढ साधू’ होते.

शून्यबाद

झुंबर, पहिल्या दहा ओळी ठीक येतात, पुढे पाणी घालत जातं. त्यापेक्षा कोष्टक फोडा. ‘कोण’, ‘काय करतोय’, ‘काय अडलंय’ असे तीन रकाने, प्रत्येकी १० ओळी. लिहायच्या ३०, मिळणार १०००. कुठलंही साधन हे करतं. ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप वापरणाऱ्यांना त्यात डाइस रोलर प्लगिन आहे, नोंदीतल्याच कोष्टकावर फासा टाकता येतो, दुसरीकडे जायला नको.

फक्त ‘काय अडलंय’ हा रकाना ठेवाच. ‘तीन शिपाई’ ही ओळ मेलेली आहे, खेळाडू विचारणार ‘बरं, मग?’ ‘तीन शिपाई, दिवटी विझलीय, कोणामुळे यावरून भांडण’ ही ओळ आली की मला पुढे काही सुचवावं लागत नाही, ते आपणहून विस्तव पुढे करतात.

पेठेतली_पणती

अवांतर: हे शनिवारी कर्वेनगरला कुठे? नवीन माणसं घेता का? फासे आणि चिवडा घेऊन येईन.

रिकामा_हौद

व्यनि केलाय. चिवडा पातळ पोह्यांचा असेल तरच.

वीसमुखी

काडी टाकायची नाही, पण कोष्टकं आपापसांत वाटायचं म्हणत असाल तर एक काळजी घ्या. विकत घेतलेल्या पुस्तकातलं कोष्टक आपल्या घरच्या खेळासाठी टाइप करणं वेगळं, आणि तीच फाइल सगळ्यांसाठी उघडी ठेवणं वेगळं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० परवान्याखाली आला. त्यातलं श्रेय देऊन वापरता येतं. त्याबाहेरचं पुस्तकातलं जसंच्या तसं नको. म्हणून फाइलमध्ये ‘कुठून’ हा रकाना असावा. एक वर्षाने आपली ओळ कुठली आणि उचललेली कुठली, हे आपल्यालाच सांगता येत नाही.

तिरकी_सोंगटी

शून्यबाद आणि वीसमुखी मिळून रकाने वाढवत चाललेत. आणखी दोन धागे झाले की जन्मतारीख आणि गोत्रसुद्धा येईल.

रिकामा_हौद

काल सेशन झालं, म्हणून परत आलो.

४३ ची १७ झाली. बरीचशी ‘रात्री कोण भेटतं’ याचीच भावंडं निघाली. ती एकत्र करून वेळ आणि पेठ हे रकाने केले. खुणा दिल्या. शीटमधून सगळी रँडबिटवीन काढून टाकली, खेळाडूंचे हिट पॉइंट वेगळ्या फाइलमध्ये. फाउंड्रीत सीएसव्ही आत घ्यायला छोटा मॅक्रो लिहिला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली दीड संध्याकाळ स्वल्पविरामाने खाल्ली (अर्धा_रफार, मी नंतर वाचलं). भेटणारी माणसं परत टाकून न काढता, हवामान नेहमीसारखं, शहराचा मूड कवड्यांच्या वजनाने.

मावशींचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून एक प्रयोग केला. शनिवारवाड्याला पाच दरवाजे: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश, जांभूळ. आमच्या वाड्यालाही पाचच ठेवलेत. आज रात्री कुठल्या दरवाज्यावर ढिला पहारा, हे कोष्टक फाउंड्रीत होतं. ते तिथून काढलं, एका पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं आणि टेबलावर मधोमध ठेवलं. दहामुखी फासा, दोन-दोन आकडे एका दरवाज्याला.

वाड्यात शिरायच्या आधी तो पुठ्ठा सगळ्यांनी दहा वेळा वाचला. जांभूळ आला तर काय, दिल्ली आला तर काय, यावर वाद झाले. टाकणार कोण यावरून तर खरंच भांडण झालं, शेवटी नवीन आलेल्या पणतीच्या हातात फासा दिला. रात्रभर लॅपटॉपने सतरा-अठरा निकाल दिले असतील. त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघितलं नाही, माझं काम मात्र झालं. हा एक फासा टेबलावरून घरंगळत सोफ्याखाली गेला तेव्हा पाचही जण जमिनीवर आडवे होते, मोबाइलचे टॉर्च लावून.

३ आला. मस्तानी दरवाजा.

कवडीमोल

सोफ्याखालचा धरतात का? आमच्यात परत टाकतात.

रिकामा_हौद

तोच वाद अजून ग्रुपवर चालू आहे.

वहीवाली_मावशी

धरायचा.